मास्तरांची खुशाली

“सिस्टर, शेवटचं विचारतो. येताय की नाही?”

डॉक्टर फुकनांनी एका हातानं लॉरीची फळी धरली होती आणि दुसऱ्या हातावर त्यांची धाकटी मुलगी होती. लॉरीत त्यांची बायको, सासू, गाद्यांच्या वळकट्या, कंपाउंडर काकती आणि त्याचं घरदार, शिवाय मी कधी न पाहिलेली कितीतरी डोकी. इंजिन धडधडतच होतं. ड्रायव्हर ते बंद करायला तयार नव्हता. एकदा बंद पडलं तर पुन्हा लागेल की नाही याची त्यालाच खात्री नव्हती.

“बुधनीकडं कोण बघणार?” मी विचारलं.

“तिला उचलून घेऊ.”

“मांडीचं हाड मोडलंय, पायाला वजन लावलेलं आहे. या लॉरीतून ती नदीपर्यंत पोचणार नाही. तुम्हालाही ठाऊक आहे.”

त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मान खाली घातली, मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, “बोमडिला पडलंय, सिस्टर. चिनी उद्या-परवा इथं असतील. तुम्ही एकट्या बाई.”

“तुम्ही निघा. पोरं घाबरलीत.”

“मी गाडी पाठवतो. कुठूनही मिळवून पाठवतो.”

“हो,” मी म्हणाले. लॉरी गेली. तिचा धुरळा चहाच्या झुडपांवर बसेपर्यंत मी पायरीवर उभी होते. मग आत जाऊन बुधनीच्या पायाला लावलेल्या विटा नीट लोंबताहेत ना, ते पाहिलं.

हे १९६२ सालच्या नोव्हेंबरातलं. आसामात, ब्रह्मपुत्रेच्या उत्तरेला, डोंगरांच्या अगदी पायथ्याशी एक चहाचा मळा होता आणि त्या मळ्याचा छोटासा दवाखाना. मी, एस्तेर साळवे, तिथली एकुलती एक नर्स. माहेर-सासर दोन्ही नगर जिल्ह्यातलं, शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात. इतक्या लांब का आलीस, असं मला तिथं कोणी विचारत नसे. म्हणूनच मी आले होते.

पुढं माझ्या त्या थांबण्याचं फार कौतुक झालं. मळ्याच्या मालकांनी शाल दिली, कलकत्त्याच्या एका बाईंनी भाषणात मला धीराची मूर्ती म्हटलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. बुधनीसाठी थांबले हे काही खोटं नव्हतं. पण तेवढंच कारण नव्हतं.

लॉरी गेल्यावर मळा किती मोठा आहे ते मला कळलं. एरवी दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की ओपीडी उघडायची, भोंग्यावर जेवायचं. आता भोंगा नाही. मॅनेजरसाहेब रेडिओसकट गेले होते, मजुरांच्या चाळी ओस पडल्या होत्या. काही लोक नदीकडं गेले, काही जंगलात. कारखान्यात सुकायला पसरलेली चहाची पानं तशीच राहून आंबली आणि त्यांचा आंबूस वास वाऱ्याबरोबर वॉर्डात येऊ लागला. साहेबांच्या बंगल्यावरची दोन कुत्री येऊन आमच्या पायरीवर बसली. ती भुंकतही नव्हती.

बुधनी सत्तरीची, मळ्यातच पानं खुडून म्हातारी झालेली. तिचा मुलगा तिच्यापाशी तांदळाची पिशवी ठेवून बायकापोरांना घेऊन जंगलात गेला होता. ती म्हणायची, “गेला ते बरं केलं. मी माझ्या बापाला असंच ठेवून आले होते गावात.” तिला रडू येत नव्हतं. मलाही नाही. आमचं दोघींचं छान जमत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन जवान मळ्याच्या रस्त्यानं आले. मधल्याला दोघांनी खांद्यांवर जवळजवळ टांगलंच होतं. त्या दोघांतल्या सरदारजीनं त्याला पायरीवर बसवलं आणि हिंदीत म्हणाला, “बहनजी, याचे पाय गेलेत. बर्फातनं उतरलाय. आम्हाला नदी गाठायचीय. याला घेऊन जमणार नाही.” त्यांना मी भात दिला. उभ्याउभ्या खाऊन ते निघाले. जाताना त्या सरदारजीनं पायरीवर बसलेल्या जखमी जोडीदाराच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा.

मी बूट कातरीनं कापले. कातडं कातड्याला चिकटलं होतं. पातळ कापड ओलं करून हळूहळू सोडवत होते, तेवढ्यात तो माणूस कण्हला, “आय आय गं...”

“थोडं सोसा,” मी म्हणाले. “झालंच आता.”

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मराठीत बोलले होते. चार वर्षांत मी मराठी शब्द मोठ्यानं उच्चारला नव्हता. प्रार्थनाही मनातल्या मनात करायची.

“तुमी आपल्याकडच्या?” त्यांनी विचारलं.

“नगरकडची.”

“मी खटावचा. वडूजच्या अंगाला.” एवढं बोलून त्यांनी पुन्हा डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. ते दुखण्याचं असावं असं समजून मी काम चालू ठेवलं.

हवालदार रंगराव फडतरे त्यांचं नाव. पूल बांधणाऱ्या पलटणीतले. छत्तीस-सदतीस वर्षांचे, रुंद हाडाचे; गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. डाव्या पायाची तीन आणि उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. कापावी लागणार हे दिसत होतं, पण ते काम डॉक्टरचं. माझ्या हातात होतं ते एवढंच, की काळेपणा आणि पू वर चढू द्यायचा नाही. कोमट पाणी, पावडर, बोटांच्या मध्ये कोरडी पट्टी आणि कपाटात होती तेवढी पेनिसिलिनची इंजेक्शनं. मी दिवसातून दोनदा पट्टी बदलायची. काम झालं की हात धुऊन ऑफिसच्या खोलीत जाऊन बसायची. रुग्णांजवळ विनाकारण थांबायची माझी पद्धत नव्हती.

तिसऱ्या दिवशी पट्टी चालू असताना त्यांनी विचारलं, “मालक काय करतात तुमचे?”

“मास्तर आहेत,” मी म्हणाले. “नगरकडच्या वडाळ्याला. मिशनच्या शाळेत.”

मास्तर चार वर्षांपूर्वीच वारले होते. शांतवन त्यांचं नाव. सकाळी वर्गात फळ्यावर तारीख लिहिली, खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. हृदय आधीपासून अधू होतं, आम्हाला माहीत नव्हतं. मी तेव्हा मिरजेला ड्युटीवर होते. पोचले तेव्हा पेटी बंद करायची तेवढी थांबवली होती.

पण रिकाम्या मळ्यात एक अनोळखी शिपाई मला विचारत होता. तिथं विधवा आहे म्हणण्यापेक्षा नवरा आहे म्हणणं बरं, एवढाच विचार मी केला. कदाचित तोही केला नसेल. शब्द आपसूक आले.

“आनि तुमी हितं? एवढ्या लांब?”

“पगार बरा आहे.”

“मास्तर काय म्हनत न्हाईत?”

“काय म्हणणार? त्यांना शाळेपुढं काही सुचत नाही.”

हवालदार हसले. “आमची तर नांदलीच न्हाई. वर्सातनं एक म्हयना घरी येनारा नवरा कुनाला परवडंल? सरळ सांगितलं तिनं, मला मोकळं करा. क्येलं. चांगली व्हती बाई.”

मी पट्टीची गाठ बांधून उठले. ऑफिसात जाऊन बसले. ‘शाळेपुढं काही सुचत नाही’ हे मी वर्तमानकाळात बोलले होते आणि तोंडात त्या बोलण्याची चव राहिली होती.

त्याच संध्याकाळी गाय हंबरू लागली. डॉक्टरांच्या बंगल्यावरची तांबडी गाय. दावं तोडून मळ्यात फिरत होती. दोन दिवस दूध काढलेलं नव्हतं. मी काढायचा प्रयत्न केला तर लाथ मारून बादली उडवली. माझं लुगडं भिजलं.

आतून हवालदारांनी हाक मारली. “बाई, तिला हिकडं आना. व्हरांड्याला लावा.”

“तुम्हाला उठता येत नाही.”

“मला कुटं उटायचंय? बसून काडायचंय.”

मी त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून व्हरांड्याच्या कडेला आणलं आणि पट्ट्या बांधलेले पाय एका स्टुलावर ठेवले. गाय खाली अंगणात. ते वाकून, तिच्या पाठीवर थाप मारून, तिच्याशी काहीतरी पुटपुटत राहिले आणि गाय उभी राहिली. पहिली धार बादलीत पडली तेव्हा आतून बुधनी मोठ्यानं काहीतरी ओरडली.

“काय म्हनती म्हातारी?”

“म्हणतेय, पहिलं दूध मला द्या. डॉक्टरसाहेबांच्या गाईचं दूध तिनं जन्मात प्यायलेलं नाही.”

त्यांनी मान मागं टाकली आणि पोटभर हसले. गाईनं दचकून पाय उचलला, तर तिलाच दटावलं. मी तिथंच उभी होते. आत जायचं होतं, पण गेले नाही.

“मास्तरांस्नी येतंय का दूध काडाया?” त्यांनी विचारलं.

“त्यांना?” मला एकदम हसूच आलं. “त्यांना दुधाचं भांडं चुलीवरून उतरवता येत नाही. त्यांना फक्त शुद्धलेखन येतं. खिशात कायम खडूचा तुकडा असतो. रस्त्यानं जाताना कुठल्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं, की सायकल थांबवून दुरुस्त करतात. एकदा राहुरीत एका गिरणीवाल्यानं पाटी रंगवली होती, ‘पिठाचि गीरणी’. मास्तरांनी चि दीर्घ केली, गी ऱ्हस्व केली. गिरणीवाला बाहेर येऊन भांडायला लागला, माझी पाटी का खराब केली म्हणून. तर मास्तर म्हणाले, अहो, तुमचं पीठ बारीक आणि अक्षर जाडं, हे बरं दिसतं का?”

हवालदारांना हसताना पाय दुखत होते, तरी ते हसत होते. “मग?”

“मग काय, गिरणीवाल्यानं चहा पाजला. आणि पुढं वर्षभर आमचं दळण फुकट.”

“ग्वाड मानूस दिसतोय.”

“आहेत,” मी म्हणाले.

त्यानंतर रोज पट्टीच्या वेळी तो प्रश्न यायचा. “आज काय करत असतील मास्तर?” आणि मी सांगायची. त्यांनी परसात लावलेल्या आठ पपयांची सगळीच झाडं नर निघाली, तरी एकही न तोडता दोन वर्षं पाणी घालत राहिले. मिशनच्या देवळात गाताना सूर इतका सोडायचे की पाळकसाहेब त्यांना दर रविवारी दाराशी पुस्तकं वाटायच्या कामावर लावायचे. पावसाळ्यात सायकल घरात, बिछान्याजवळ. पट्टी संपून जायची आणि मी स्टुलावर बसून बोलतच असायची. त्या चार वर्षांत मी मास्तरांचं मरणच आठवत होते. ती लाकडी पेटी, फळ्यावरची तारीख. त्यांचं हसणं मी विसरलेच होते. खोटं बोलता बोलता ते मला परत मिळत होतं.

आणि अडचण तिथंच होती. सकाळी उठले की पहिला विचार पट्टीचा यायचा. केस विंचरताना मी ऑफिसातल्या औषधाच्या कपाटाच्या काचेत बघू लागले होते. एकदा त्यांना पाणी देताना बोटाला बोट लागलं तर त्यांनी हात पटकन मागं घेतला, चटका बसावा तसा. मान वळवून खिडकीबाहेर बघत बसले. मी ओळखलं. हा माणूस परस्त्रीला जपतोय. एका मेलेल्या मास्तराच्या संसाराला जपतोय. आणि मी तोंड उघडून सांगू शकत नव्हते, कारण काय म्हणून सांगायचं? इतके दिवस मी जी मास्तरांची खुशाली सांगत होते, ती काय होती?

आवाज कुठूनच येत नव्हता. ना तोफांचा, ना माणसांचा. डोंगर निळे दिसायचे, त्यांच्यावर बर्फाची एक रेघ. युद्ध कुठवर आलंय हे सांगायला मळ्यात कोणीच नव्हतं.

“तुमी थांबला का हो?” त्यांनी एकदा विचारलं.

“बुधनीसाठी.”

“त्ये झालंच. पन तुमची भीती कुटं गेली? मी बगतोय. कुत्रं जरी खाकरलं तरी माझा जीव वरखाली व्हतोय, आनि तुमी ढिम्म.”

मी पट्टी गुंडाळत राहिले. खरं उत्तर माझ्यापाशी होतं. मला जगण्याची काही ओढ नव्हती. चिनी आले काय नि न आले काय. लॉरीत चढायचं तर कुठंतरी जायचं असावं लागतं, आणि मला जायला कुठंही नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनाही नाही सांगितलं.

“सवय,” मी म्हणाले.

पुढच्या दिवशी दुपारी मी बुधनीला भात भरवत होते. हवालदारांनी एकदम हात वर केला. “गप.”

मला काहीच ऐकू आलं नाही.

“गाडी हाय,” ते म्हणाले. “एक न्हाई, दोन. जड हाईत.”

मग मलाही ऐकू आलं. मळ्याचा रस्ता वळणावळणानं यायचा. आवाज एकदा जवळ यायचा, एकदा झाडांमागं जायचा. पायरीवरची कुत्री उठून उभी राहिली.

“बाई, मागच्या दारानं भाईर पडा. झुडपात शिरा आनि आडव्या व्हा. कुनी हाक मारली तरी उटायचं न्हाई.”

“आणि तुम्ही?”

“माझं मी बगतो. म्हातारीला कोन काय करतंय? जा तुमी.”

“मी नाही जाणार.”

“ओ बाई!” ते अंथरुणात उठून बसले. पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. “जावा म्हनतोय न्हवं? का मास्तरांना...”

“मास्तर नाहीत,” मी म्हणाले. “मास्तर वारले. चार वर्षं झाली.”

“ठावं हाय मला.”

गाड्या आता कारखान्यापर्यंत आल्या होत्या. गिअर बदलल्याचा आवाज झाला. मी हातात भाताची थाळी घेऊन तशीच उभी.

“म्हातारीनं सांगितलं. तुमी मला मास्तरांचं पहिल्यांदा सांगितलंत, त्याच दिवशी. म्या इचारलं हुतं, बाईंचा नवरा कसा हाय म्हनून. ती मोडक्या हिंदीत म्हनली, दीदीचा मरद कवाच गेला.”

“मग रोज का विचारत होतात?”

“तुमी सांगत हुता म्हनून.” त्यांनी दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली होती. “आल्या दिवशी तुमी माझं पाय धुतलं. मला वाटलं, ही बाई हाय का मशीन? हात चालत्यात, पन आत कुनी न्हाईच. आनि मास्तरांचं निगालं की तुमी हसायचा. त्या मानसाला तुमी एवडा जित्ता ठेवला हुता, म्या कशाला दुसऱ्यांदा मारू? आता ऐका माझं. जावा. तुमाला काय झालेलं मला बगवायचं न्हाई.”

आणि तेव्हा मला भीती वाटली.

थाळी हातातून सुटली, भात जमिनीवर सांडला. मला मरायचं नव्हतं. त्यांनीही मरायला नको होतं. बुधनीनंही. मला ती गाय उद्या पुन्हा व्हरांड्याला लावायची होती. चार वर्षं माझ्याकडं फिरकली नव्हती ती भीती अशी एका दमात परत आली, आणि मी वेड्यासारखी लाकडी बाक ओढत दाराशी नेऊ लागले. जणू त्या बाकानं लष्कर थांबणार होतं.

“अवो, काय करताय!” हवालदार पलंगावरून खाली सरकले. त्या पायांनी उभे राहिले. एक पाऊल, दुसरं, आणि भिंतीला धरून माझ्यापाशी आले. बाकाचं दुसरं टोक त्यांनी धरलं. आम्ही दोघं तो बाक धरून दाराशी उभे होतो. बाहेर गाडीचं दार आपटलं. कोणीतरी पायऱ्या चढत होतं.

“सिस्टर! सिस्टर साळवे!”

डॉक्टर फुकनांचा आवाज होता.

त्यांच्यामागं आपल्या लष्कराची ॲम्ब्युलन्स आणि एक ट्रक. डॉक्टर बाकावरून वाकून आत बघत म्हणाले, “अहो, युद्ध थांबलं! कधीच थांबलं. लॉरी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी रेडिओवर सांगितलं. तुम्हाला कोणी कळवलंच नाही?”

मी जमिनीवर बसले आणि रडू लागले. मास्तरांच्या मातीला मी रडले नव्हते. ते सगळं आता आलं. डॉक्टर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, “झालं, झालं, संपलं सगळं.” त्यांना वाटलं, मी सुटकेनं रडतेय. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

ॲम्ब्युलन्सवाल्यांना घाई होती. डोंगरातून अजून माणसं उतरत होती, त्यांना गोळा करत तेजपूर गाठायचं होतं. एका शिपायानं हवालदारांच्या पायांकडं पाहिलं आणि लगेच स्ट्रेचर मागवलं. पाव तासात सगळं आटपलं. स्ट्रेचर उचलताना आमच्याभोवती पाच माणसं होती.

“गाईला एवड्यात दावं लावू नका,” हवालदार म्हणाले. “मोकळी फिरायची सवं झालीया. हळूहळू लावा.”

“बरं,” मी म्हणाले.

दार बंद झालं. गाडी गेली. पायरीवरची कुत्री तिच्यामागं थोडं अंतर धावली आणि परत आली.

मळा पुन्हा भरला. भोंगा होऊ लागला. चाळींतून धूर निघू लागला, बुधनीचा मुलगा परत आला, ओपीडीत रांगा लागल्या. माझ्याभोवती इतकी माणसं कधीच नव्हती. सगळी येऊन माझे हात हातात घेत होती. पण काहीतरी घडायचं, म्हणजे काकतीनं खोकल्याच्या औषधाऐवजी बाटलीत केसांचं तेल भरलेलं निघायचं, आणि मी वळायची, हे सांगायला. वळल्यावर तिथं रिकामी खाट असायची. आधी मी एकटी होते तेव्हा मला एकटं वाटत नव्हतं. आता फार वाटू लागलं. रविवारी मी व्हरांड्यात बसून मराठीत मोठ्यानं एखादं वाक्य बोलून बघायची. ऐकायला कोणी नसलं की आपलीच भाषा किती परकी वाटते.

बुधनीच्या पायाचं वजन उतरवलं, त्या दिवशी ती काठी धरून पहिल्यांदा उभी राहिली. माझ्या खांद्याचा आधार घेत म्हणाली, “दीदी, तो दूधवाला सिपाही कुठाय?”

“माहीत नाही. पुण्याकडं नेलं म्हणतात.”

“मग बघायला जात नाहीस?”

“त्यांच्याशी माझं काय नातं आहे, बुधनी?”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मला वाटलं म्हातारी आता काठी उगारते.

फेब्रुवारीत मी रजा मागितली. चार वर्षांत मी एकही रजा घेतली नव्हती. डॉक्टर फुकनांनी कारण न विचारता सही केली. बोट, मीटरगेज, ब्रॉडगेज. पुण्यात उतरले आणि दोन ठिकाणी विचारत खडकीच्या लष्करी दवाखान्यात पोचले. गणवेश घातला नव्हता. जांभळ्या काठाची पांढरी साडी नेसले होते, मास्तरांनी घेतलेली. तिथली सिस्टर म्हणाली, “फडतरे? मागच्या व्हरांड्यात आहेत.”

ते आरामखुर्चीत बसले होते. दाढी केलेली, गाल थोडे भरलेले. बाहेर ऊन चांगलं तापलं होतं, तरी पायांवर जाड कांबळं. मला पाहून उठायला गेले आणि पुन्हा बसले.

“बाई? तुमी?”

“हो.”

“म्हातारी कशी हाय?”

“चालतेय काठी घेऊन. गाय गाभण आहे.”

“हां,” ते म्हणाले. “ब्येस.”

शेजारी एक जवान रेडिओचं बटण फिरवत होता. मी खुर्चीजवळच्या स्टुलावर बसले. हात सवयीनं कांबळ्याकडं गेला. त्यांनी त्यावर आपला हात ठेवला.

“पाच बी काडली,” ते म्हणाले. “बदकावानी चालतो आता. पट्टी बगाया आला असाल तर ऱ्हाऊ द्या. हितं सिस्टर हाईत. रोज येत्यात.”

“मी पट्टी बघायला आले नाही.”

ते माझ्याकडं बघेनात. कांबळ्याच्या दशा ओढत राहिले. “मग कशाला आला?”

इतक्या लांबच्या प्रवासात मी बरीच वाक्यं तयार केली होती. एकही आठवेना.

“मी रजा घेऊन आलेय, रंगराव,” मी म्हणाले.

तोवर मी त्यांना हवालदार म्हणत होते. त्यांनी मान वर केली. माझ्याकडं पाहिलं. माझ्या साडीकडं, हातांकडं, पुन्हा तोंडाकडं. मग हळूच कांबळं बाजूला केलं आणि पाय उघडे करून माझ्यापुढं ठेवले. मी ते पाहिले. ते मात्र सगळा वेळ माझा चेहरा पाहत होते.

दुपारचा चहा घेऊन वॉर्डबॉय आला. पेशंटापुरता एकच कप होता. रंगरावांनी अर्धा चहा बशीत ओतला, बशी स्वतःकडं ठेवली आणि कप माझ्या हातात दिला.

“घ्या,” ते म्हणाले. “निवंल.”